कोपऱ्यातला पंखा

मॅडम आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आल्या की आधी एखादा पंखा बंद करायच्या आणि उभ्याउभ्याच म्हणायच्या, "बघू, कोणाचं अडतं का." सोलापूरच्या उन्हाळ्यात अडायचंच. मुलं ओरडली की पंखा पुन्हा चालू, आणि मॅडम पुढच्या टेबलाकडे. त्यांच्याच विभागात शिकवत असूनही त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहासुद्धा येरझाऱ्या घालत घ्यायच्या, निम्मा बशीत.

चालू वस्तू ज्यांना बघवत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मॅडमच्या पीएचडीचा विषयच तो होता. प्रोसेसरचा एखादा बारीक भाग कायमचा निकामी झाला, तर तो किती तग धरतो हे मोजायचं. त्या मुद्दाम एकेक भाग मोडायच्या, प्रोग्रॅम चालवायच्या आणि उत्तर तपासायच्या. "बंद पडला तर बरं गं," मला म्हणायच्या. "चुकीचं सांगून गप बसतो, त्याची लई भीती."

शेवटी निकाल सुरेख आले: बरेच भाग मोडले तरी उत्तरं बरोबर येत होती. प्रबंध बांधून तयार झाला. मुदत तोंडावर होती आणि बढती त्यावरच अडलेली. होटगीहून त्यांच्या आईने पेढे पाठवले होते.

पेढे वाटतावाटता मॅडमनी सवयीने कोपऱ्यातला पंखा बंद केला. कोणी ओरडलं नाही. मॅडमनी तिथल्या बाकांकडे वळून पाहिलं.

"तितं कोणी बसलंच न्हाय," त्या म्हणाल्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या. "अगं, मी गुणाकार करणारा भाग मोडला, तरी सगळी उत्तरं बरोबर आली. पण माझ्या प्रोग्रॅममध्ये गुणाकार हाय कुटं?"

"मॅडम, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं की."

प्रबंध त्यांनी सादरच केला नाही. मुदत गेली, बढती गेली, मार्गदर्शक बोलेनासे झाले. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला होता. पुढच्या वर्षी त्या नोकरी सोडून टेंभुर्णीच्या एका शाळेत शिकवायला गेल्या.

त्यांचे तास आम्ही वाटून घेतले. मीटिंगमध्ये प्राचार्य खुशीत म्हणाले, "बघा, मॅडम गेल्या तरी कोणाचं काही अडलं नाही."

अडणार कसं? मुलांच्या प्रोजेक्टला "हे कशावरून?" असं विचारणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आता ते कोणी विचारतच नाही.

हल्ली दुपारी मी त्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसते. डोक्यावर पंखा गरगरत असतो. तो बंद करायला कोणी येत नाही, आणि माझं अडतं.