नीनाच्या मुलाखतीत आधी केवळबाई

नीना आणि ओम,

फैजपूरहून धुळ्याची पहिली एसटी सकाळी सुटायची. माझ्याजवळ एक ट्रंक होती. तिच्यात चार साड्या, एम.ए. इंग्रजीची मार्कशीट आणि झाकणाला आतून चिकटवलेली सामानाची यादी. माझे वडील, आबा, मला पोचवायला आले नव्हते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते केळीचा ट्रक भरला की नाही ते बघायला आले होते. त्या दिवशी आमचा ट्रकच नव्हता. धुळ्याला जाऊन मी दोंडाईच्याच्या एका बौद्ध घरातल्या इंजिनिअरशी, म्हणजे तुमच्या आजोबांशी, रजिस्टर लग्न करणार होते आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी हलली तेव्हा आबा खिडकीपाशी आले. "जाते त जाय. पन कोनी गाव इचारलं त फैजपूर सांगू नको."

हे आज आठवलं ते नीनाच्या ईमेलमुळे. तिला मालिकेत मोठी भूमिका मिळाली, हे माझं कॉलनीत सगळ्यांना सांगून झालं आहे. आता कुणी पत्रकार तिच्या घराण्याविषयी लिहिणार आहे. वडिलांकडचं त्याला मिळालं: आजोबा त्रिनिदादचे, आजी आयर्लंडची. आईकडचं मात्र नुसतं 'इंडियन' त्याला पुरत नाही.

का पुरत नाही, नीना? तुझा अभिनय बघायला त्याला तुझी पणजी कशाला हवी? हा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तो नेहमी हसत विचारतात. उत्तर मिळालं की विचारणाऱ्याचा आवाज जरासा बदलतो. तो बदल टिपायला माझे कान अजूनही तयार असतात.

धुळ्याला आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये होतो. दारावर आडनावाची पाटी होती, त्यामुळे विचारायचं काही उरत नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बदली जळगावला झाली. तिथे क्वार्टर मिळेना. तुमची आई, सुजाता, तेव्हा सहा महिन्यांची होती. तिथल्या पिंप्राळ्यात तीन घरांनी आडनाव ऐकलं आणि तिघांचेही पाहुणे अचानक कायमचे राहायला आले. चौथ्या घरी मी एकटी गेले. मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. "काय व माय, कोणापैकी तुम्ही?"

"फैजपूरची मी. वडिलांचा केळीचा मळा आहे."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. अक्कांनी बाकीचं स्वतःच जुळवून घेतलं आणि मी ते जुळू दिलं. आबांनी जे गाव सांगायला मना केलं होतं, तेच सांगून मी खोली मिळवली. तुमच्या आजोबांनी पाटी लावली तीवर फक्त 'इंजिनिअर' होतं. धुळ्याची जुनी पाटी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

महिन्याभरात माझ्या सासूबाई, केवळबाई, दोंडाईच्याहून रेल्वेने आल्या. नातीसाठी त्यांनी चौकटीतली बुद्धाची तसबीर आणली होती, साडीत गुंडाळून, काच तडकू नये म्हणून मांडीवर धरून. मी ती कपाटाच्या दाराला आतून लावली. त्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी चहाला वर बोलावलं. सुजाता सासूबाईंच्या कडेवर होती. "ह्या कोण व?" अक्कांनी विचारलं.

"बाळाला सांभाळायला आल्यात," मी म्हटलं.

"बरी मिळाली व बाई तुला! आमच्याकडे एक टिकत नाही."

मी हसले. हो, हसले. चहा आला. मला कपबशी, सासूबाईंना स्टीलचा पेला. मी त्यांना मोलकरीण केलं म्हणून पेला, की अक्कांना कळलं होतं म्हणून? आज इतक्या वर्षांनीही मला सांगता येत नाही. चहा संपल्यावर सासूबाई उठल्या, मोरीत जाऊन पेला स्वतः विसळला आणि पालथा घातला. "कामाची आहे," अक्का म्हणाल्या.

त्या महिनाभर राहायला आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून निघाल्या. रिक्षात बसताना म्हणाल्या, "बठ्ठास्ले नको सांगू, पोरी. पन सुजीले सांगजो, तिनी आजी कोन शे ते."

सगळ्यांना नाही, पण सुजाताला सांगेन, असं मी कबूल केलं. सुजाताला आजीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, सुट्टीत दोंडाईच्याला नेलंही. पण मी तिच्या आजीला काय म्हटलं होतं, ते सांगितलं नाही. सासूबाईंनीही कधी काढलं नाही. पुढे आम्ही स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्या नव्हत्या.

सुजाता, तूही हे पत्र वाचशील. आता तुला कळलं.

नीना, त्या पत्रकारावर माझा विश्वास नाही. तुम्हा दोघा भावंडांच्या अंगात किती देशांचं रक्त आहे याची चव घेऊन तो पुढच्या मुलीकडे जाईल, असं मला वाटतं. त्याचं स्वतःचं मूळ काय, हे त्याला आधी विचार आणि उत्तर देताना त्याचा आवाज ऐक. मग सांग. फैजपूर, केळीचा मळा, एम.ए. झालेली आजी, हे ऐकायला छान वाटतं. म्हणूनच ते मागे ठेव. आधी केवळबाईचं नाव घाल, दोंडाईच्याची, बौद्ध, तुझ्या आईची आजी. नावाचं स्पेलिंग खाली वेगळं लिहून देते, त्याला जसंच्या तसं छापायला सांग.

फैजपूरला मी परत गेले नाही. आबांनीही बोलावलं नाही. माझं घर आता हेच, पिंप्राळ्यातलं. ती तसबीर दारासमोरच्या भिंतीवर आहे. नवीन माणूस आत आलं की आधी तिच्याकडे बघतं, मग माझ्याकडे. मी चहा टाकते. सगळ्यांना कपबशीतच देते आणि स्वतः स्टीलच्या पेल्यात घेते.