ये म्हणाला, राहा म्हणाला नाही

"मी जेवून आलोय हं."

बूट काढायच्या आधी, दारातच, काका हे वाक्य टाकायचे. आपण अजून 'या' म्हटलेलं नसायचं, ते येण्याआधीच निघायच्या तयारीत असायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खुर्चीच्या अगदी टोकावर बसतात, पाणीसुद्धा "अर्धाच ग्लास" मागतात, आणि आपण आत चहा टाकायला गेलो की तेवढ्यात उठून उभी राहतात.

एकदा माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. त्यांनी काकांना सरळच विचारलं, "जेवून आलात, म्हणजे काय जेवलात?" काकांची दांडी उडाली. जरा वेळ विचार करून म्हणाले, "दूध-पोहे." सासूबाईंनी ताटच वाढलं. दूध-पोहे जेवलेल्या त्या माणसाने चार पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि वर "उगाच तुम्हाला त्रास" असंही म्हटलं.

काका आणि मी ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या एकाच हॉस्पिटलात कामाला. मी फार्मसीत, ते मशीनं दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये. डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, आणि या गावात बसच्या भरवशावर राहणारा माणूस कामाला पोहोचायचा नाही. म्हणून रोज सकाळी मी त्यांना घ्यायचे. थंडी असो, वारा असो, ते माझ्या दहा मिनिटं आधी फाटकाबाहेर उभे. मी ओरडायचे, "काका, आत थांबा ना, मी हॉर्न देते." ते म्हणायचे, "तुला कशाला थांबायला लावू?"

एका वर्षी गारपिटीत त्यांच्या घराचे पत्रे फुटले, आत पाणी आलं. आम्ही खोली रिकामी केली, चादर बदलली, आणि हा गृहस्थ आमच्याच रस्त्यावरच्या मोटेलमध्ये जाऊन राहिला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या खोलीचं दार दिसायचं. माझा नवरा आठवडाभर फुरंगटून होता. "आपलं घर त्यांच्या लायकीचं नाही का?" मीच त्याची समजूत घातली होती की अरे, त्यांच्या मनात तसं काही नसतं, त्यांना फक्त कुणाची अडचण व्हायची नसते. म्हणजे मला हे सगळं ठाऊक होतं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

काकू जाऊन सात वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मिहीर. ब्रिस्बेनच्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग करता करता तो ब्राझिलियन ढोलांच्या क्लासला जायला लागला, सहा महिन्यांसाठी म्हणून साल्व्हादोरला गेला आणि तिथलाच झाला. साल्व्हादोर म्हणजे ब्राझीलच्या किनाऱ्यावरचं फार जुनं शहर. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांची लेकरं-नातवंडं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि ते ढोल त्यांचे. मिहीरने शिक्षण सोडलं तेव्हा काका फोनवर एवढंच म्हणाले, "डोकं ठिकाणावर आलं की फोन कर." मुलगाही बापाचाच. त्याने चार वर्षं फोन केला नाही. वाढदिवसाला दोन ओळींचा मेसेज यायचा, काका 'थँक यू' लिहायचे. लग्नाचा फोटो आला तेव्हा त्यांनी तो गाडीत मला दाखवला. सून लुसिया, कृष्णवर्णीय, उंच, मोकळं हसणारी. काका फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिले. "हसतमुख आहे गं पोरगी," म्हणाले. "मिहीर बारीक झालाय."

आणि मग एक दिवस मेसेज आला. 'बाबा, मार्चमध्ये आम्ही फ्री आहोत. तुम्ही येऊ शकता.'

त्या दिवशी गाडीत बसताना सीटबेल्ट लावायचं विसरलेले काका मी पहिल्यांदा पाहिले. दुसऱ्या दिवसापासून आमचा एकच विषय: साल्व्हादोरला उतरायचं कुठे?

मी म्हटलं, "कुठे म्हणजे? मिहीरकडे."

"त्याने ये म्हटलंय. राहायला ये नाही म्हटलं."

"काका, मुलगा आहे तुमचा."

"म्हणूनच. मुलाकडेसुद्धा बोलावल्याशिवाय बॅग घेऊन जाऊ नये. त्यातून नवी सून. तिचं घर."

तीन महिने लंच अवरला त्यांच्या पुढ्यात डबा आणि टॅबलेट. ते शहर त्यांनी इथे बसून पायाखाली घातलं. वर डोंगरावर जुनं शहर, खाली बंदर, मध्ये वर-खाली नेणारी भली मोठी लिफ्ट. सगळे प्रवासी जुन्या शहरात राहतात. रंगीत घरं, चर्चेस, संध्याकाळी चौकात ढोल. काकांनाही ते आवडलं होतं. पण फरसबंदी चढाची, आणि त्यांचा उजवा गुडघा कुरकुरणारा. मग ते रोज संध्याकाळी आमच्या घाटाकडचा चढ चढून यायला लागले, गुडघ्याला सवय म्हणून. पंधरा दिवसांनी त्यांनी ते ठिकाण रद्द केलं, पण गुडघ्यामुळे नाही.

"त्या चौकाचं नाव कशावरून पडलंय माहितीये? तिथे खांब होता. गुलामांना बांधून फटके मारायचे. कदाचित आपल्या सुनेच्या पणज्या-खापरपणज्यांना. तिथल्या बाल्कनीत बसून मी चहा पिऊ?"

"लोक राहतात की, काका. तिथलेच लोक हॉटेलं चालवतात."

"राहू देत. बघायला जाईन, तिच्याबरोबर जाईन. ती नेईल तेव्हा."

मग बार्रा हा भाग. दीपगृह, सपाट रस्ता, समोर समुद्र, बाकंसुद्धा मोजून ठेवलेली. सगळं छान. पण मिहीर राहतो रिओ व्हर्मेल्यो या दुसऱ्या भागात, म्हणजे भेटायचं तर त्याला रोज बस. "कामावरून दमून येणार, वर बापाला भेटायला बस." बार्रा बाद.

शेवटी रिओ व्हर्मेल्योच. तिथे कोपऱ्यावर पांढऱ्या घेरदार झग्यातल्या बायका चवळीच्या पिठाचे वडे तळतात. हे वाचून काकांची कळी खुलली होती. "वडाच तो. मला चालेल." आता प्रश्न अंतराचा. "अगदी शेजारी राहिलो तर डोक्यावर येऊन बसला म्हणतील. लांब राहिलो तर तोंडदेखला आला म्हणतील. पायी दहा मिनिटं बरं." सात मिनिटांवरचं एक गेस्टहाउस केवळ सात मिनिटांसाठी त्यांनी नाकारलं. मी हसून हसून बेजार झाले. वर्कशॉपमधला एक ऑस्ट्रेलियन त्यांना रोज विचारायचा, "फाउंड अ बेड येट, मेट?" काका म्हणायचे, "नेक्स्ट वीक."

दहा मिनिटांवरचं सापडलं. एका म्हाताऱ्या बाईंचं, चार खोल्यांचं, निळ्या दाराचं. बुकिंग माझ्या लॅपटॉपवरून करायचं होतं. बटण दाबायच्या आधी मी म्हटलं, "एकदा मिहीरला विचारू या का?"

"विचारलं तर बिचाऱ्याला हो म्हणावं लागेल."

मी बटण दाबलं. त्यांनी पत्ता मुलाला पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत वाचून दाखवलं. 'ओके बाबा. नाइस प्लेस.' एवढंच होतं ते. काकांनी तीनदा वाचलं.

"बघ, त्यालाही सुटल्यासारखंच झालं असेल," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आल्यावर हळूच विचारलं, "एकदा तरी म्हणायला हवं होतं गं त्याने, नाही? मी राहिलो नसतो. पण म्हणायला हवं होतं."

मी काय म्हणाले सांगू? "आजकालची मुलं तशीच असतात, काका." आणि शिफ्टला उशीर होत होता म्हणून उतरून चालायला लागले.

विमानाला अकरा दिवस उरले होते, तेव्हा एका सकाळी काका फाटकाबाहेर नव्हते. मी गाडी थांबवून आत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ते बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते, बूट घातलेले, डब्याची पिशवी मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात झालं असेल. मी मात्र बराच वेळ त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून होते. त्या घरात मी पहिल्यांदाच बसत होते.

मिहीरला आणायला ब्रिस्बेनच्या विमानतळावर मीच गेले. परतीच्या रस्त्यावर तासाभराने त्याने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "मावशी, कॅन आय आस्क यू समथिंग? बाबांनी हॉटेल का बुक केलं?"

मी काही बोलायच्या आधी तोच पुढे म्हणाला, "वी हॅड अ रूम. लुसियाने पेंट केली. तिच्या आईने स्वतःचा बेड दिला, कारण आमचा लो होता आणि बाबांचा गुडघा... आणि त्यांनी हॉटेलचा ॲड्रेस पाठवला. आय थॉट, लुसियामुळे. तिच्या हातचं, तिच्या घरात, त्यांना चालणार नाही. लुसियाचाही तोच समज झाला."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. हॅझर्ड लाइट लावले आणि सगळं सांगितलं. तीन महिने, चौक, खांब, घाटाचा चढ, बार्राची बाकं, सात मिनिटं आणि दहा मिनिटं. मोटेलसुद्धा सांगितलं. शेवटी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवेना, "अरे, खोली आहे, घरी या, असं एकदा का नाही लिहिलंस?"

तो माझ्याकडे वळला. "बाबांना? घरी या असं बाबांना सांगायचं असतं?"

मग त्याने कपाळ डॅशबोर्डला टेकवलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मोठमोठे ट्रक बाजूने जात होते आणि दरवेळी गाडी हलत होती. बाप बोलावण्याची वाट बघत होता, मुलाला बोलावणं हाच परकेपणा वाटत होता. दोघंही चुकले नव्हते. चुकले असेन तर मी. दोघांच्यामध्ये मी एकटीच होते जिला दोन्हीकडे एकेक मेसेज टाकता आला असता. मला कुणी दोष देत नाही. नवराही नाही. मला मात्र अजून गाडी चालवताना रडू येतं.

सगळे विधी झाल्यावर मिहीरने आमच्या घरून लुसियाला व्हिडिओ कॉल केला. आमच्याकडे संध्याकाळ, तिच्याकडे पहाट संपून उजाडत होतं. ती रडून थकलेली दिसत होती. मला बघून तिने नमस्कार केला आणि पोर्तुगीजमध्ये मिहीरला काहीतरी म्हणाली.

तो म्हणाला, "तिने महिनाभर एक सेंटन्स प्रॅक्टिस केलं होतं. बाबा दारात आले की म्हणायला. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुम्ही ऐकून सांगा म्हणतेय, बरोबर आहे का."

लुसियाने डोळे पुसले, पदर असावा तशी खांद्यावरची शाल सारखी केली, आणि एकेक शब्द सावकाश लावत म्हणाली, "बाबा, आत या. हे तुमचं घर आहे."

मी म्हटलं, बरोबर आहे.