स्पृहाने सांगितलेली चूक

हेमाताई निवृत्त मुख्याध्यापिका. पक्षाघाताने उजवा हात बधिर झाल्यापासून त्या शनिवार पेठेतल्या उपचार केंद्रात जात. तिथली सहायक स्पृहा उगाच गोड बोलत नसे, म्हणून ती त्यांना आवडे.

त्या दिवशी मनगटाचा आधारपट्टा सोडताना स्पृहाला लाल वळ दिसला. पट्टा तिनेच बांधला होता आणि सोमवारी ती सगळ्या सहायकांची प्रमुख होणार होती.

"अगं, जाईल तासाभरात. कशाला बोभाटा?" हेमाताई म्हणाल्या.

"शाळेत पोरांना असंच सोडायचात का?" म्हणत तिने फाइलमध्ये नोंद केली, थेरपिस्ट मॅडमना आणि बाकीच्या सहायकांना बोलावलं. "पट्टा मी घट्ट बांधला. अर्ध्या तासाने कातडी बघायची असते, ती बघितली नाही. तुम्ही विसरू नका."

"सोमवारचं मग बघू," मॅडम कोरडेपणाने म्हणाल्या आणि नवा पट्टा दुसऱ्या सहायक मुलीच्या हातात दिला. स्पृहा मान खाली न घालता बाजूला झाली.

हेमाताई थक्क झाल्या. तीस वर्षांच्या नोकरीत असं धाडस त्यांनी कुणात पाहिलं नव्हतं, स्वतःत तर नाहीच. त्यांनी डाव्या हाताने आपला बधिर हात मागे ओढून घेतला.

"अहो मॅडम, पट्टा हिच्याच हातून बांधून घेणार मी. ही चुकली तर मला कळेल तरी!"