खांबातलं पाणी

माझी आत्या तीस वर्षं पालिकेच्या कचेरीत नकाशे काढायची. पूल, बागा असले मिरवायचे नकाशे नव्हेत; सांडपाण्याच्या नळांचे. कुठल्या गल्लीतून किती इंची नळ न्यायचा, त्याला उतार किती द्यायचा, हे सगळं तिच्या टेबलावर ठरायचं आणि खाली सही साहेबांची व्हायची. कचेरीत तिला पाठीमागे 'गटारबाई' म्हणत. "खोटं काय आहे त्यात?" म्हणायची आणि पेन्सिलीला टोक काढत बसायची.

ती निवृत्त झाली तेव्हा टेकडीवरचं शंकराचं जुनं देऊळ गळायला लागून बरीच वर्षं झाली होती. ते नेमकं किती जुनं, हे कुणालाच सांगता येत नसे. दाराशी शिलालेख होता, पण निम्मा झिजलेला. त्यातल्या अक्षरांच्या वळणावरून जाणकारांनी आठ-नऊशे वर्षांचा अंदाज बांधला होता. चुन्याचा कणही न वापरता दगडात दगड अडकवून रचलेलं काम. सभामंडपातल्या खांबांची गोष्ट मात्र लहान पोरांनाही पाठ होती. ते खांब म्हणे मोजता येत नाहीत. दोघांनी मोजले की दोन आकडे येतात. कारण देव गाभाऱ्यात बसून कंटाळला की बाहेर येतो आणि खांब होऊन माणसांत उभा राहतो.

विश्वस्तांनी छतावर काँक्रीटचा जाड थर टाकायचं ठरवलं. ठेकेदाराला नकाशा हवा होता. कुणाला तरी आत्या आठवली. "देवळाला कुठले आलेत नळ?" असं म्हणत ती टेप आणि ओळंबा घेऊन टेकडी चढली.

पुजारी गुरुजी सत्तरीचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ताई, बाकी काय हवं ते मोजा. खांब तेवढे नका मोजू."

"मग छत कशावर ठेवू, गुरुजी? हवेत?"

गुरुजी दाराशी बसून तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी टेपचं टोक दगडावरून तिसऱ्यांदा निसटलं, तेव्हा ते उठले आणि टोक धरून उभे राहिले. तिथून पुढे रोजच धरू लागले.

अखेर एकदा त्यांनी मनातली भीती बाजूला ठेवून स्वतःच खांब मोजले. छत्तीस भरले. आत्याच्या कागदावर अडतीस होते. दोघं पुन्हा फिरले, तेव्हा उलगडा झाला. गाभाऱ्याच्या भिंतीत दोन खांब अर्धे गाडलेले होते.

"भिंतीत गेला तो खांब कसला?" गुरुजी म्हणाले.

"ज्याच्यावर तुळई टेकते, तो खांब."

गुरुजींना हसू आलं. भांडण तिथेच मिटलं.

खरा घोळ छतावर होता. वरच्या फरश्यांना चारी बाजूंनी बारीक उतार होता, बोटाला कळणारही नाही इतका. सगळं पाणी एका कोपऱ्याकडे जात होतं आणि तिथे वाटच नव्हती. ते साचायचं आणि सांध्यांतून आत झिरपायचं. आत्या तीन दिवस त्या कोपऱ्याशी अडून बसली. मला म्हणाली, "ज्याने इतका नेमका उतार काढला, तो पाण्याला दार ठेवायला विसरेल? मला नाही पटत."

तिने तेच गुरुजींना विचारलं. ते जरा संकोचले. "हसू नका, ताई. लहानपणी पाऊस आला की वडील मला त्या कोपऱ्यातल्या खांबाला कान लावायला सांगायचे. आत देव गुणगुणायचा. मी स्वतः ऐकलंय."

"आणि आता?"

"मधे कधीतरी डागडुजीत वर सिमेंट थापलं, तेव्हापासून नाही. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं."

आत्या हसली नाही. गवंड्याला बोलावून तिने कोपऱ्यातलं सिमेंट हलक्या हाताने फोडून घेतलं. खाली वीतभर रुंदीचं गोल भोक निघालं, बरोबर त्या खांबाच्या माथ्यावर. खांब आतून पोकळ होता. पण घागरभर पाणी ओतलं, तर ते तिथेच तुंबलं. मग तिने कचेरीतल्या जुन्या ओळखीवर नळ साफ करायची लवचिक सळई मागवली. दुपारपर्यंत माती, कुजलेली पानं आणि पारव्यांची पिसं निघत राहिली.

पुन्हा पाणी ओतलं, तेव्हा गुरुजी खाली खांबाला कान लावून उभे होते. त्यांनी हळूच हात वर केला. डोळे भरून आले होते.

चौथऱ्याच्या बाहेरच्या अंगाला दगडात एक मगरीचं तोंड कोरलेलं होतं. नुसती शोभा, असंच सगळे समजत आले होते. त्या तोंडातून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी यायला लागलं. आत्याने त्याखाली ओंजळ धरली आणि बराच वेळ धरून ठेवली. घरी आल्यावर म्हणाली, "आयुष्यभर वाटायचं, आपलं काम कुणाच्या नजरेला पडायचं नाही. इथे कुणीतरी नऊशे वर्षांपूर्वी तेच काम केलं आणि खांबात लपवून ठेवलं. ते कळायला ही नोकरीच करावी लागते. बरं झालं केली."

काँक्रीट रद्द झालं. सांधे भरून घेतले आणि गळती थांबली. नकाशा पूर्ण झाला, तेव्हा गुरुजींनी दोन गोष्टी मागितल्या. एक म्हणजे, त्यावर खांबांचा आकडा लिहायचा नाही.

"नाही लिहीत. ज्याला हवा त्याने मोजावा, आणि चुकावं."

दुसरं म्हणजे, खाली तिचं नाव हवं. तिने फार आढेवेढे घेतले. शेवटी सही केली, पण सहीच्या वर एक ओळ लिहिली : 'मूळ काम ज्यांचं, त्यांची नावं ठाऊक नाहीत. त्यांचे उपकार आहेत.'

अजूनही ती आठवड्यातून दोनदा टेकडी चढते. सध्या दाराच्या चौकटीवरची वेल कागदावर उतरवतेय. सरळ रेघांची सवय झालेल्या हाताला ते वळण काही केल्या साधत नाही. खोडून खोडून कागद विरतो. गुरुजी शेजारी बसून सांगतात, "जरा डावीकडे, ताई," आणि ती निमूटपणे पुन्हा काढते.