ज्ञानू मुकादमाचं नाक

ज्ञानू आमच्या टोळीचा मुकादम. शाहूपुरीत एका संघाचं धान्याचं गोदाम होतं, तिथं आम्ही हमाल. मेहनतीत ज्ञानूला तोड नव्हती. शाळूचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून थप्पीच्या माथ्यावर जायचा आणि ठेवलेलं पोतं रेषेत बसलंय का तेही बघायचा. दुसऱ्याचं वाकडं दिसलं तर काढून परत लावायला लावायचा. असा माणूस एका कामात मात्र डोक्याला ताप.

धान्याला टोके लागले की आम्ही थप्पीवर ताडपत्री टाकायचो, कडेनं वाळूच्या लांब पिशव्या लावायचो आणि आत औषधाच्या गोळ्या ठेवायचो. गोळ्यांचा गॅस होतो, किडा मरतो. आठवडाभर हात लावायचा नाही, एवढंच काम. तेच ज्ञानूला जमत नव्हतं. रोज सकाळी आला की कोपऱ्यातली पिशवी सरकवायचा, ताडपत्री उचलायचा आणि नाक आत घालायचा. लसणासारखा वास आला की म्हणायचा, "लागलंय औषध."

"मरशील की एक दिवस," मी म्हणायचो.

"इतकी वर्सं झाली, मेलो काय?"

तो मेला नाही. टोकेही मेले नाहीत.

त्र्याऐंशी साली ताडपत्री काढली तर पोत्यांवरून टोके निवांत फिरत होते. ज्ञानूनं पुढच्या खेपेला गोळ्या वाढवल्या. तरी फिरत होते. संघाच्या सेक्रेटरीनं त्याला बोलावून सांगितलं, "आता ही थप्पी साफ निघाली नाही तर काम सांगलीच्या ठेकेदाराला. मुकादमही त्याचाच."

शेती खात्याच्या मीनाक्षीबाई आल्या. आमचे टोके बाटलीत भरून नेले, कधी औषध न लागलेल्या चंदगडच्या तांदळातलेही नेले. दोन्हींना सारखाच गॅस दिला. चंदगडचे मेले, आमचे उठून चालायला लागले.

"सगळे टोके सारखे नसतात," बाई म्हणाल्या. "काही जन्मताच चिवट असतात. तुम्ही गॅस बाहेर सोडता. कच्चे मरतात, चिवट उरतात. पुढची पिल्लं त्यांचीच."

"म्हंजे टोक्यांची तालीमच काढलीस की रं," टोळीतला हंबीरराव म्हणाला.

ज्ञानू हसला नाही. "मग गोळ्या आनि वाढवू."

"गोळ्या नकोत. फाटकी ताडपत्री बदला, दिवस वाढवा. आणि आत बघू नका."

नवी ताडपत्री टाकली, दिवस दुप्पट ठरले. दुसऱ्याच सकाळी ज्ञानूचा हात पिशवीकडं गेला. मी धरला. नंतर हंबीररावानं धरला. पोती उचलायची सोडून गडी मुकादमाचे हात धरत बसले, याचा मला संताप यायचा. शेवटी त्याची बायको अंबूबाई भाकरी घेऊन गोदामाच्या दारात येऊन बसली.

"आत गेलासा तर भाकरी कुत्र्याला घालीन," ती म्हणाली. "नाक पायजे का मुकादमी?"

तो बाहेर चिंचेखाली बसून राहिला. रोज. तोंड पाडून.

दिवस भरल्यावर ताडपत्री काढली, दारं उघडून गॅस जाऊ दिला. पोत्यांवर मेलेल्या टोक्यांचा थर होता. बाईंनी चाळून बघितलं, एकही हलला नाही. सेक्रेटरी थप्पी बघून निघून गेला. मुकादमी राहिली.

ज्ञानू तळहातावर टोके घेऊन बघत होता. "वास घिऊ दिला असता तर मी आधीच सांगितलं असतं."

अंबूबाईनं कपाळाला हात लावला.

पुढच्या थप्पीला तो सकाळी कोपऱ्यापाशी उभाच होता. मी आत गेलो. वाळूची आणखी एक पिशवी आणली आणि त्याच्या पायावर ठेवली.