उंबऱ्यापासून फळ्यापर्यंत

मला पसारा खपत नाही. आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच खोडीतून झालं. नवरा म्हणायचा, हिला रिकामी खोली दाखवली की हिच्या अंगात येतं. खोटं नव्हतं ते. भूकंपानंतरच्या जूनमध्ये आमच्या शाळेला नवी खोली मिळाली, तर शाळा उघडायच्या चार दिवस आधीच मी बसनं गावात जाऊन हजर झाले.

गाव रेणापूरच्या पलीकडं, आडबाजूला. भूकंपात आमच्याकडं माणूस दगावलं नाही, पण जुन्या शाळेच्या भिंतीत हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. उन्हाळ्यापर्यंत शाळा पत्र्याच्या शेडात भरली. नवी खोली मात्र स्लॅबची, खाली शहाबादी फरशी, एका टोकाला दार आणि समोरच्या टोकाला फळा. उंबऱ्यापासून फळ्याच्या भिंतीपर्यंत दहा फरशा. मी मोजल्या. मला मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

जुन्या सेलमधली काळी पूड आणि पाल्याचा रस कालवून फळा सारवला. पाढ्यांचे तक्ते लावले, पण खिळ्याला नाही, खळीनं चिकटवले, डोक्यावर पडण्यासारखं काही नको म्हणून. लोखंडी कपाट उभं न ठेवता आडवं पाडलं. हेडमास्तर बघायला आले आणि म्हणाले, "बाई, कपाट झोपवलंय का?" मी म्हटलं, "सर, उभं कपाट बघून पोरं वर्गात यायची न्हाईत." ते हसले, पण त्यांनीही त्यांच्या खोलीतलं कपाट आडवं करून घेतलं. चपला बाहेर एका ओळीत, पळताना कुणी अडखळू नये अशा. रांगा उभ्या, फळ्याकडून दाराकडं, प्रत्येक फरशीवर एक पोर, आणि मधून दारापर्यंत मोकळी वाट. त्या वाटेत कुणाचं दप्तर दिसलं की मी फटका द्यायचे. आता वाईट वाटतं, तेव्हा वाटायचं नाही.

पोरं दोन-तीन दिवसांत आत रुळली. एक सोडून.

ती तिसरीत होती. औशाकडच्या एका गावातून मामाकडं आलेली. तिकडं घरं दगडामातीची, वर मातीचं जड माळवद, आणि त्या पहाटे तिची आई त्या माळवदाखाली गेली. ही अंगणात झोपली होती म्हणून वाचली. मामाचं आमच्या गावात किराणा दुकान. कपाळाला ठसठशीत विभूती, बोलणं कमी, माणूस सरळ. पहिल्या दिवशी तो तिला घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, पोरगी लई हुशार हाय. पण छताखाली बसंना गेली. घरात बी न्हाई. शाळेत बसली तर बसली, न्हाईतर दुकानात घेतो मदतीला." एवढंच बोलून तो गेला. म्हणजे ती वर्गात बसते की नाही, यावरच तिची शाळा होती.

ती उंबऱ्यात बसली. एक पाय आत, एक बाहेर. पाटी मांडीवर. मी तिला काही बोलले नाही. पण दारात पोर बसलेलं मला दिवसभर खुपायचं. नीट लावलेल्या वर्गात तेवढीच एक गोष्ट जागेवर नव्हती. मला तिची काळजी होती हे खरं, पण हेही खरं की मला ती जागेवर हवी होती. दोन्हींतलं जास्त काय होतं, हे मी अजूनही सांगू शकत नाही.

गणितात ती कुणाला ऐकायची नाही. मी फळ्यावर वजाबाकी लिहून वळायच्या आत उंबऱ्यातून उत्तर यायचं. बाकीची पोरं माना वळवून मागं बघायची. मला गंमत वाटायची.

ऑगस्टात पावसाची झड लागली आणि दारातून पाणी आत यायला लागलं. तेव्हा मी सहज म्हणाल्यासारखं म्हटलं, "एक फरशी आत सरक गं, भिजशील." ती सरकली. तिच्या रांगेचं ते शेवटचं टोक. तिथून मला युक्ती सुचली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पोरांकडून वर्ग झाडून घ्यायचा, आणि सोमवारी बसवताना तिच्या पुढच्या पोराला तिच्या मागं घ्यायचं. तिला काही सांगायचं नाही. पुढचं पोर मागं गेलं की ही आपोआप एक फरशी आत. कधी दोन आठवड्यांनी, कधी तीन. मध्येच एखाद्या रात्री जमीन हलल्याचं कुणी बोललं की मी महिनाभर हात लावायचे नाही. मग पुन्हा सुरू. जानेवारीपर्यंत ती सहाव्या फरशीवर आली. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे, आज सहावी. तो म्हणायचा, "तू पोर शिकवायलीस का सोंगटी खेळायलीस?" मला राग यायचा.

मग साहेबांची भेट ठरली. साहेब म्हणजे तालुक्याचे अधिकारी, नव्या खोल्या बघायला येणारे. हेडमास्तर म्हणाले, "हुशार पोरं पुढं घ्या बाई. साहेब पुढच्यांनाच विचारतात." त्यांनी म्हटलं एवढंच. हौस माझी होती. माझ्या वर्गातलं सगळ्यात हुशार पोर सहाव्या फरशीवर का बसावं, असं मला वाटलं. आदल्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं, "उद्यापासून हुशार पोरं पुढं, ढ पोरं मागं दाराकडं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नवव्या फरशीवर, पहिल्या जागेवर बसवलं. तीन फरशा एकदम. समोर भिंत, दार पार मागं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या गालाला हात लावून म्हटलं, "पहिला नंबर आहे तुझा. साहेब जाईपर्यंत हलायचं नाही बरं का."

साहेब आले. त्यांनी एकोणिसाचा पाढा विचारला, तिनं म्हटला. त्यांनी उलटा विचारला, तिनं उलटा म्हटला. साहेब खूश, हेडमास्तर खूश, माझी तर छाती फुगली होती. तेवढ्यात बाहेरून वाळूचा ट्रक गेला. खिडक्यांची तावदानं थरथरली. इतर पोरांनी दाराकडं नुसतं बघितलं. ती बसली होती तशीच बसून राहिली, पाठ ताठ, आणि तिच्या खालचं पोतं ओलं झालं. फरशीवरून ते पाणी साहेबांच्या बुटापर्यंत आलं.

पोरं हसली. साहेब पाय मागं घेऊन म्हणाले, "असू द्या, असू द्या." आणि मी काय बोलले? "बाहेर जायचं कळत नाही का गं?" असं बोलले मी. ती हलली नाही, कारण मीच सांगितलं होतं हलायचं नाही म्हणून. साहेबांची जीप निघून गेली, तेव्हा ती उठली, पोतं गुंडाळलं आणि मधल्या मोकळ्या वाटेनं चालत गेली. पळाली नाही.

पाच दिवस आली नाही. सहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. पत्र्याचं शेड, पुढं पोत्यांची रांग. मामा आत माल लावत होता, ती बाहेर खारमुरे पुड्यांत बांधत बसली होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसले. म्हटलं, "चुकलं माझं."

ती पुडी बांधत म्हणाली, "बाई, मला ठाऊक व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही मला दर बारीला पुढं सरकवता ते. मी बी फरशा मोजते."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्हाला लई बरं वाटायचं," ती म्हणाली. "एक-एक जमत व्हती. तीन न्हाई जमल्या."

मला तिथंच रडू आलं. आठ-नऊ वर्षांचं पोर माझं मन राखायला छताखाली एकेक फरशी आत येत होतं, आणि मी घरी जाऊन आकडे सांगत होते. मामानं आतून बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो म्हणाला, "बाई, जाऊ द्या. दुकानाला पत्रा हाय, हितं तिला भ्या वाटत न्हाई. हितंच राहू द्या." मी म्हटलं, "चार दिवस द्या मला."

त्या रविवारी मी गावात आले आणि वर्गातला फळा फिरवला. फिरवला म्हणजे, दाराच्या बाजूच्या भिंतीवर नवा फळा सारवला. जुन्यावर नकाशे लावून टाकले. आता फळा दाराशेजारी, म्हणून पहिली जागाही दाराशेजारी. तिनं उंबऱ्याला टेकून बसावं आणि तरी ती पुढच्या रांगेत असावी. हेडमास्तर सोमवारी बघून भडकलेच. "हा काय तमाशा लावलाय बाई? आल्या-गेल्याची सगळी रहदारी फळ्यासमोरून. उजेड डोळ्यात. कुणाला विचारलं?" मीही भडकले. म्हटलं, "सर, वर्ग माझा आहे. पोर शाळेतून गेलं तर पट कमी का झाला, याचं उत्तर तुम्ही द्या." त्यांनी आठ दिवस अबोला धरला. मला फरक पडला नाही.

ती आली. दाराजवळ बसली. पुढचं सव्वा वर्ष, चौथी संपेपर्यंत, तिथंच बसली. ढ, हुशार हे शब्द मी पुन्हा वर्गात काढले नाहीत, पण एकदा काढले होते ते काढलेच होते. चौथीच्या स्कॉलरशिपला तिला केंद्रात तळमजल्यावर जागा मिळाली, दारापासून दुसरा बाक, आणि स्कॉलरशिप मिळाली. गावात पेढे वाटले मामानं. त्या माणसाला हसताना मी तेव्हाच बघितलं.

तोवर लातूरचं नाव सगळीकडं झालं होतं. बोर्डात आलेल्या पोरांचे चेहरे रंगवलेल्या पाट्या आमच्या फाट्यापर्यंत पोहोचल्या होत्या, क्लासेसच्या जाहिराती एसटीच्या मागच्या बाजूला. नांदेडकडनं, नायगावकडनं लोक लेकरांना घेऊन लातूरला खोली करून राहायला लागले. मामाच्या डोक्यातही तेच शिरलं. पाचवीपासूनच लातूरला टाकू, म्हणजे पुढं डॉक्टर होईल. तिची मावशी तिथं होतीच. मी विचारलं, वर्ग कुठल्या मजल्यावर? तर तळमजल्यावर, म्हणे. मी हो म्हटलं. मला वाटलं, दीड वर्ष झालं, पोर सावरलं.

बारा दिवसांनी ती परत आली. मामा माझ्या घरी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "बाई, मावशीनं आणून सोडली. शाळेत जायचंच न्हाई म्हणती. तुम्ही बोला, तुमचं ऐकती."

मी दुसऱ्या दिवशी लातूरला गेले, आधी ती शाळा बघायला. मोठा वर्ग, ऐंशी एक पोरं, बाक. फळा एका टोकाला, दार मागच्या टोकाला. वर्गशिक्षक तरुण होते, चांगले होते. म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं बसायची जागा मार्कांवर. ती प्रवेश परीक्षेत पहिली आली, म्हणून पहिला बाक दिला. मान असतो तो. एवढी पोरगी का सोडून गेली, कळलंच नाही." मी त्यांना सगळं सांगितलं. ते लगेच म्हणाले, "अहो, मग बसवतो की दाराजवळ. शेवटचा बाक रिकामाच असतो."

मला हायसं वाटलं. परतीच्या बसमध्ये मी मनात सगळं बोलून ठेवलं होतं. स्टँडवरून थेट दुकानात गेले. ती तराजू धरून एका म्हातारीला हरभऱ्याची डाळ देत होती. दहा-अकरा वर्षांची, वेण्या घट्ट, हात सराईत. म्हातारी गेल्यावर मी सांगितलं, सर भले आहेत, दाराजवळचा बाक द्यायला तयार आहेत, उद्याच चल.

तिनं तराजूचं पारडं, पदरानं पुसावं तसं, फ्रॉकनं पुसलं. म्हणाली, "तिथं न्हाई बसायचं बाई."

"का गं? दाराजवळच तर आहे."

"दाराकडं ढ पोरं बसतात," ती म्हणाली. "मी ढ न्हाई."

मी तिला पुष्कळ समजावलं. तसं काही नसतं, जागेनं काही ठरत नाही, मीच नाही का तुला दाराजवळ बसवलं. ती ऐकून घेत होती, पूर्वीसारखंच माझं मन राखून, मान हलवत. गेली मात्र नाही. ना पुढच्या बाकावर, ना मागच्या. हे तिला लातूरच्या शाळेनं शिकवलं असं मामाला वाटायचं, आणि तो त्या सरांना नावं ठेवायचा. मी त्याला खरं कधी सांगितलं नाही.