दोन रमीबाई

दानियल माझा धाकटा भाऊ. पुण्याच्या कंपनीत आहे म्हणतात, पण पुणं त्यानं दोनदाच पाहिलंय. आमच्या डोंगरात नेटला रेंज नाही, म्हणून खांडबाऱ्याला खोली घेऊन लॅपटॉपपुढे एकटाच बसलेला असतो. दिवसभरात बोलणं काय ते खानावळवाल्याशी. वाईट वाटतं मला. गावात विचारतात, हा करतो काय? मी मास्तरीण, मी सांगते: प्रोग्रामची परीक्षा घेतो. उत्तर आधी ठरवून प्रश्न टाकायचा. बरोबर आलं तर हिरवं, चुकलं तर लाल. झालं!

यंदा मार्चमध्ये काम आलं मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनच्या यादीचं. एकच माणूस दोनदा आला तर प्रोग्रामनं एक नाव उडवायचं. दान्यानं परीक्षेला आपल्याच गावची नावं घातली: रमीबाई शमुवेल गावीत, आणि रमीबाई शमुवेल गावीत. एक आमची आई, दुसरी ओढ्यापलीकडची. दोघींचे नवरे शमुवेल. दोघींना जन्मतारीख ठाऊक नाही, म्हणून कागदावर दोघींची एक जून, सालही तेच. दोघी राहायला हव्या होत्या, पण प्रोग्रामनं एक रमीबाई उडवली. लाल!

तीन दिवस हा बावळट स्वतःचीच चूक शोधत बसला. धड जेवलाही नसेल. चूक त्याची नव्हतीच. साहेबांना लिहिलं, तर त्यांचं उत्तर: ‘असं खरं कुठे असतं? एकीची तारीख बदल, हिरवं होईल.’

मला फोन केला. “ताई, बदलून टाकू का? पण खऱ्या यादीतही दोघी आहेत गं.”

माझं डोकंच फिरलं. “बदल की! मग कुठल्या रमीबाईला आंधळं ठेवायचं तेही तूच ठरव!”

दुसऱ्या दिवशी त्यानं दोघींना जीपमधून खोलीवर आणलं आणि मीटिंगमध्ये कॅमेऱ्यापुढे बसवलं. हातात आधारकार्डं, नंबर वेगवेगळे. मी मागे उभी. दान्या सगळं बोलला. मग साहेब म्हणाले, “ठीक आहे. टेस्ट राहू दे. प्रोग्राम दुरुस्त करू.” असं बरं वाटलं म्हणून सांगू!

मीटिंग संपली. आई डोळे चोळत होती.

“दान्या, मला एकाचंही तोंड दिसलं नाही रे. नुसता काळोख. फार वाढला का मोतीबिंदू?”

“नाही गं आई,” तो म्हणाला. “कॅमेरे बंदच असतात त्यांचे. दोन वर्षं झाली, मलाही नाही दिसलं कोणी.”